आवडीनिवडींचा रकाना

शासकीय सेवेत ज्यांची हयात गेली, त्यांना रकान्याचे माहात्म्य वेगळे सांगावयास नको. कोणताही अर्ज घेतला तरी त्यातील प्रत्येक रकान्यामागे एक विचारणारा असतो, एक भरणारा असतो, आणि भरलेले वाचणारा बहुधा तिसराच कोणी असतो. नाव, वय, पत्ता, शिक्षण या रकान्यांचे प्रयोजन उघड आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर आणि नंतर भ्रमणध्वनीवर जी सामाजिक संकेतस्थळे आली, त्यांनी जवळजवळ न चुकता आणखी एक रकाना मांडला. तुम्हाला काय आवडते? कोणती पुस्तके, कोणते संगीत, कोणते चित्रपट, कोणते खाद्यपदार्थ? आपल्या घरातील मुलानातवंडांनी हा रकाना हौसेने भरला, आणि आपल्यापैकीही पुष्कळांनी भरला.

या साध्या रकान्याला बराच जुना आणि काहीसा गुंतागुंतीचा इतिहास आहे. आपली आवड चारचौघांसमोर यादीच्या रूपाने मांडणे ही माणसाची स्वाभाविक सवय नसून ती हळूहळू लागलेली आहे. ती कशी लागली, त्या यादीचा वाचक कसकसा बदलत गेला, आणि त्या बदलात आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांनी काय मिळविले व काय गमावले, याचा आढावा घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रारंभी शब्दांचाच विचार करू. ज्याला आज आपण 'छंद' म्हणतो तो शब्द मुळात इच्छा आणि वृत्त अशा दोन्ही अर्थांचा. मराठीत मात्र त्याला बराच काळ संशयाची छटा होती. 'छंदीफंदी' हे विशेषण आपण कोणाच्या स्तुतीसाठी वापरत नाही. 'नाद' लागणे, 'शौक' करणे, 'शौकीन' असणे हीदेखील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या आणणारी लक्षणे होती. मुलीचे स्थळ पाहताना 'मुलाला काही नाद नाही ना?' अशी दबक्या आवाजात चौकशी होई. त्यात गाण्याचा नादही धरला जाई. विद्येची ओढ असली तर तिला 'व्यासंग' असे भारदस्त नाव मिळे. म्हणजे माणसाला आवडी असत, पण त्या जाहीर करण्याचा प्रघात नव्हता. दुसऱ्याने त्या हेरावयाच्या असत. छंद हा शब्द स्वच्छ, शालेय आणि अर्जात लिहिण्याजोगा झाला तो आधुनिक शिक्षणाबरोबर, तिकिटे व नाणी जमविण्यासारख्या निरुपद्रवी उद्योगांमुळे.

याचा अर्थ आवडींच्या याद्या आपल्याकडे नव्हत्याच असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सुमारे ११२९ सालचा. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठीच्या नमुन्यांमुळे परिचित आहे. त्याचे पाच भाग असून प्रत्येकात वीस प्रकरणे आहेत, म्हणून त्यांना 'विंशती' म्हणतात. पैकी तिसरी विंशती राजाच्या उपभोगांना, चौथी विनोदांना आणि पाचवी क्रीडांना वाहिलेली आहे. खाद्यपदार्थ, गायन, वादन, नृत्य, मल्लयुद्ध, मृगया, मत्स्यविनोद असा मोठा पसारा त्यात तपशिलाने आला आहे. वरवर पाहता ही राजाच्या आवडींची यादीच. परंतु ती सोमेश्वर नावाच्या एका व्यक्तीची यादी नाही. राजाने कशात रमावे, याचे ते शास्त्र आहे. त्या पदावर जो बसेल त्याची ती आवड. चौसष्ट कलांची सुप्रसिद्ध यादीही याच जातीची. नागरकाला काय काय यावयास हवे हे ती सांगते. अमुक एका नागरकाला त्यातले काय मनापासून आवडते, हे तिला विचारावयाचेच नाही.

'मला अमुक आवडते' अशी प्रथमपुरुषी यादी छापील प्रश्नांच्या आधारे लिहून घेण्याची रीत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फोफावली. घरी येणाऱ्या पाहुण्यांपुढे यजमानीणबाईंनी किंवा घरातील मुलींनी एक वही ठेवावयाची; तीत आवडता रंग, आवडते फूल, आवडता कवी, आवडता गुण, आवडता उद्योग असे प्रश्न छापलेले असत आणि पाहुण्याने त्यांची उत्तरे द्यावयाची. कार्ल मार्क्ससारख्या गंभीर प्रकृतीच्या माणसानेही आपल्या मुलींच्या आग्रहाखातर १८६५ साली अशी प्रश्नावली भरली होती. आवडता रंग लाल आणि आवडता उद्योग पुस्तकांतील कीडा होऊन राहणे, अशा आशयाची उत्तरे त्याने दिली. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याने वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, १८८६ च्या सुमारास, एका मैत्रिणीच्या इंग्रजी वहीत दिलेली उत्तरे इतकी प्रसिद्धी पावली की त्या प्रश्नावलीलाच पुढे त्याचे नाव चिकटले. ती वही २००३ साली पॅरिसमध्ये लिलावात एक लाखाहून अधिक युरोंना विकली गेली.

या वह्यांचा वाचकवर्ग ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या दिवाणखान्यात वही असे, त्या दिवाणखान्यात येणारी मंडळीच ती वाचीत. लिहिणाऱ्याला आपला वाचक माहीत असे. थट्टेने लिहिलेले थट्टेनेच घेतले जाई.

लवकरच हा रकाना दिवाणखान्यातून सार्वजनिक ग्रंथात गेला. 'हूज हू' हा इंग्रजी वार्षिक ग्रंथ १८४९ पासून निघत होता. परंतु तो बहुतांशी पदाधिकाऱ्यांच्या नामावळीसारखा होता. १८९७ साली संपादक डग्लस स्लेडन यांनी त्याला चरित्रकोशाचे रूप दिले, आणि पाठोपाठ त्यात करमणुकीचे विषय नोंदविण्याची सोय झाली. न्यायाधीश, सेनापती, बिशप, प्राध्यापक यांनी स्वतःच्या हाताने आपली करमणूक लिहून पाठवावयाची. नोंद ऐच्छिक असल्यामुळे काहींनी ती कोरी ठेवली, काहींनी शिकार व मासेमारी असे ठरीव उत्तर दिले आणि काहींनी तो रकाना चक्क विनोदासाठी वापरला. मोठ्या माणसाच्या मोठेपणाच्या यादीला मानवी शेपूट जोडण्याची ही युक्ती वाचकांना एवढी भावली की पुढे जगभरच्या परिचयग्रंथांनी तिचे अनुकरण केले. नोकरीच्या अर्जातील शेवटचा 'छंद' हा रकानाही मला याच घराण्यातला वाटतो. उमेदवाराच्या छंदांचा त्याच्या टिपणीलेखनाशी काय संबंध, हे कोणी कधी स्पष्ट केले नाही. तथापि मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येई.

आपल्याकडे विसाव्या शतकात या रकान्याची अनेक भावंडे नांदत होती. पहिले म्हणजे कुलवृत्तांत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पांगलेल्या शाखांकडून माहिती मागवून अनेक घराण्यांनी आपले वृत्तांत छापले. त्यांत जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह या नोंदींनंतर पुष्कळदा एखादे वाक्य येते, की यांना गायनाची आवड होती, हे उत्तम पोहत असत, यांना ज्योतिषाचा नाद होता. दोनशे माणसांच्या कोरड्या वंशावळीत एवढ्या एका वाक्याने एखादा पूर्वज जिवंत होतो. मात्र या ग्रंथांतील एक उणीव सांगितलीच पाहिजे. घरातील मुलींची नोंद बहुधा त्या कोणाकडे दिल्या एवढ्यावर संपते, आणि सुनांची त्यांचे माहेर कोणते यावर. त्यांना काय आवडत होते हे लिहिण्यासाठी रकानाच नव्हता.

दुसरे भावंड म्हणजे आकाशवाणीवरील फर्माईश. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, आणि आपल्या आवडीच्या गाण्याबरोबर आपले व गावाचे नाव देशभर ऐकू येण्याचे भाग्य पोस्टकार्डाच्या किमतीत उपलब्ध झाले. त्या वेळच्या बिहारमधील व आताच्या झारखंडमधील झुमरी तिलैया या छोट्या गावाचे नाव घरोघरी पोहोचले ते केवळ तेथील श्रोत्यांच्या चिकाटीमुळे. तिसरे भावंड म्हणजे मासिकांतील पत्रमैत्रीची सदरे. नाव, वय, पत्ता आणि पुढे छंद : वाचन, तिकिटे जमविणे, पत्रलेखन. चौथे, विवाहेच्छूंचे माहितीपत्रक. त्यातील छंद हे उपवधूपेक्षा तिच्या आईवडिलांनीच बेतलेले असत, हे आपण सारे जाणतोच.

या पार्श्वभूमीवर संगणकीय संकेतस्थळांकडे पाहू. आजच्या अर्थाने पहिले सामाजिक संकेतस्थळ म्हणून सामान्यतः 'सिक्सडिग्रीज' याचा उल्लेख केला जातो. ते १९९७ साली निघाले. परंतु आवडींच्या यादीला खरे कार्य दिले ते १९९९ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुणाने सुरू केलेल्या 'लाइव्हजर्नल' या दैनंदिनी-संकेतस्थळाने. तेथे प्रत्येकाला आपल्या आवडी स्वल्पविराम देऊन एकामागून एक लिहिता येत. मर्यादा १५० आवडींची. लिहिलेला प्रत्येक शब्द दाबता येई, आणि दाबताच तोच शब्द लिहिणाऱ्या इतरांची नावे समोर येत. कुलवृत्तांतातील आवड वाचून आपण हळहळत होतो किंवा सुखावत होतो. येथील आवड दाबून त्याच आवडीच्या जिवंत माणसापर्यंत जाता येत होते.

अर्थात यंत्राला शब्दाचा अर्थ कळत नव्हता, केवळ अक्षरे जुळविता येत होती. त्या काळी देवनागरीत टंकन करणे सर्वांना सुलभ नव्हते, म्हणून आपली मंडळी रोमन लिपीचा आधार घेत. नाट्यसंगीत हा शब्द कोणी सलग लिही, कोणी तोडून लिही, कोणी त्यात एखादा स्वर जास्त घाली. अशा साध्या फरकानेही एकाच आवडीची दोन माणसे यंत्राच्या दृष्टीने परकी ठरत.

२००२ साली जोनाथन एब्रम्स यांनी 'फ्रेंडस्टर' काढले आणि २००३ साली 'मायस्पेस' आले. दोन्हींत आवडी, पुस्तके, संगीत, चित्रपट, दूरचित्रवाणी असे वेगवेगळे रकाने पडले. फ्रेंडस्टरवर एक मौजेचा प्रकार घडला. लोकांनी आपल्या आवडत्या काल्पनिक पात्रांच्या, गावांच्या, वस्तूंच्या नावे खोटी खाती उघडली आणि त्या आवडीचे लोक त्या खात्याभोवती जमू लागले. चालकांना हे मान्य नव्हते. त्यांनी २००३ मध्ये ती खाती खोडून टाकण्याचा सपाटा लावला. आवडीभोवती मंडळे जमविण्याची लोकांची ही गरज पुढच्या संकेतस्थळांनी ओळखली.

त्यांतील आपल्या परिचयाचे म्हणजे 'ऑर्कुट'. गूगल कंपनीतील तुर्की अभियंते ऑर्कुट बुयुक्कोक्तेन यांनी ते जानेवारी २००४ मध्ये सुरू केले, आणि त्यांचेच पहिले नाव त्याला मिळाले. ते अमेरिकेपेक्षा ब्राझील आणि भारत या दोन देशांत अधिक रुजले. त्यातील वैयक्तिक माहितीचे सामाजिक, व्यावसायिक व खासगी असे तीन भाग होते. आणि सामाजिक भागात ध्यास, खेळ, उपक्रम, पुस्तके, संगीत, दूरचित्रवाणी, चित्रपट, खाद्यपदार्थ असे स्वतंत्र रकाने होते. सर्व मोकळे, हवे ते, हव्या त्या शब्दांत लिहावे. जोडीला विषयवार समुदाय. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी तरुणतरुणींना याचे विशेष अप्रूप वाटले, यात नवल नाही. ज्या शहरात मराठी शाळा आटत चालली होती, जेथे मंडळाच्या गणेशोत्सवापलीकडे आपल्या वयाचे मराठी माणूस भेटत नव्हते, तेथील मुलाला आपल्या आवडीचेच नाटक दुसऱ्या शहरातील कोणाला तरी आवडते, हे एका क्षणात कळू लागले. आणि ज्या मुलींच्या आज्यांसाठी कुलवृत्तांतात रकाना नव्हता, त्या मुलींनी स्वतःच्या आवडी स्वतःच्या नावाने लिहिल्या. आपल्या घराण्यांच्या इतिहासात ही गोष्ट मी लहान मानत नाही.

या याद्यांमध्ये खरेपणा किती होता? समाजशास्त्रज्ञांनी त्याचा धांडोळा घेतला आहे. संकेतस्थळे येण्यापूर्वीच, १९७९ साली, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६० च्या दशकातील पाहण्यांच्या आधारे दाखविले होते की अभिरुची ही निव्वळ वैयक्तिक बाब नसून माणूस तिच्याद्वारे समाजातील आपली पायरी दर्शवीत असतो. ह्यूगो लिऊ या संशोधकाने मायस्पेसवरील १,२७,४७७ व्यक्तिपरिचय अभ्यासून २००७ साली असे मांडले की आवडींची यादी हा एक प्रकारचा प्रयोग असतो. प्रतिष्ठा, वेगळेपण, सच्चेपणा आणि नाटकी बतावणी असे त्याचे चार प्रकार संभवतात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर शास्त्रीय संगीत लिहिणारा प्रत्येक जण मैफलीला शेवटपर्यंत बसतोच असे नाही.

त्याच वर्षी मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी फेसबुकवरील तीस हजारांहून अधिक परिचय तपासले. ज्यांनी रकाने भरले होते त्यांना मित्र अधिक होते. परंतु मित्रसंख्येशी घट्ट संबंध दिसला तो गाव, शाळा अशा रकान्यांचा. आवडींच्या रकान्यांचा संबंध त्यामानाने दुबळा होता. 'आपण मूळचे कुठले?' हा आपल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न किती शास्त्रशुद्ध होता, याचा हा पुरावाच म्हणावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात एका अमेरिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या चार वर्षांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. संगीत व चित्रपटांच्या काही आवडी समान असणारे विद्यार्थी परस्परांचे मित्र होण्याचा संभव अधिक आढळला. पुस्तकांच्या बाबतीत मात्र तसे दिसले नाही. साहित्य मंडळांच्या सभासदांनी हा निष्कर्ष मनाला लावून घेऊ नये.

येथवर यादीचा वाचक माणूसच होता. अनोळखी असेल, दूरचा असेल, पण माणूस. एप्रिल २०१० मध्ये यात मूलभूत पालट झाला. ४ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालेल्या फेसबुकवर तोवर आवडी मोकळ्या मजकुरात लिहिल्या जात. आता कंपनीने ठरविले की प्रत्येक आवड त्या विषयाच्या ठरावीक पानाशी जोडली जावी. ज्याला ही जोडणी नको असेल त्याचा तो रकाना रिकामा राहील. त्याच महिन्यात 'लाइक'चे बटण फेसबुकबाहेरील संकेतस्थळांवरही बसू लागले.

या बदलाचा अर्थ पहिल्या दृष्टिक्षेपात लक्षात येत नाही. एखादीने 'श्रावणात आजीकडून ऐकलेल्या कहाण्या' असे आपल्या आवडीत लिहिले असेल, तर ती तिची स्वतःची वाक्यरचना होती. जोडणीच्या पद्धतीत अशा आवडीला पान नाही, म्हणून जागा नाही. तिने यादीतून निवडावयाचे, आणि निवड झाली की ती वाक्य न राहता मोजता येणारी नोंद होते. रकान्यातील मजकूर माणसाने वाचावयाचा असतो. खतावणीतील नोंद बेरजेसाठी असते. आवडी या दिवशी खतावणीत गेल्या.

अशा बेरजेतून काय काय निघू शकते, हे लवकरच दिसले. २०१३ साली कोसिन्स्की, स्टिलवेल व ग्रेपेल या संशोधकांनी ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या लाइक्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ या नोंदींवरून, अमेरिकेतील दोन व्यक्तींपैकी डेमोक्रॅट कोण व रिपब्लिकन कोण, हे ओळखण्यात त्यांची पद्धत ८५ टक्के यशस्वी ठरली. वंश, धर्म, लैंगिक कल यांचेही अंदाज करता आले. गंमत अशी की बुद्धिमत्तेचा अंदाज देणाऱ्या नोंदींत बटाट्याच्या कुरळ्या तळलेल्या कापांची आवडही होती. कारणाचा पत्ता नसला तरी सहसंबंध पुरेसा होता. २०१५ साली यांपैकी दोघांचा सहभाग असलेल्या अभ्यासात आढळले की स्वभावाची पारख करण्यात यंत्र १० लाइक्सच्या आधारे सहकाऱ्याला, ७० च्या आधारे मित्राला, १५० च्या आधारे घरच्या माणसाला मागे टाकते. जोडीदाराची बरोबरी करण्यास मात्र त्याला सुमारे ३०० लागतात.

मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अॅनॅलिटिका प्रकरण उघडकीस आले, तेव्हा ही बाब प्रयोगशाळेबाहेर आली. स्वभावचाचणीच्या एका उपक्रमातून सहभागी झालेल्यांची व त्यांच्या मित्रांची माहिती, लाइक्ससह, गोळा करून राजकीय प्रचाराच्या कामासाठी पुरविली गेली होती. फेसबुकने बाधितांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत असू शकेल असे सांगितले. भारतातील आकडा बोलका आहे. येथे हा उपक्रम अवघ्या ३३५ जणांनी घेतला होता, आणि त्यांच्या मित्रसंबंधांमुळे संभाव्य बाधितांची संख्या ५,६२,४५५ झाली. म्हणजे ज्याने काहीच भरले नाही त्याचीही माहिती, मित्राने भरलेल्या अर्जावाटे, गेली. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकवर ५ अब्ज डॉलरांचा दंड बसविला.

परंतु माझ्या दृष्टीने याहून विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. आपण भरलेल्या यादीखेरीज आपल्याविषयीची दुसरी एक यादी कंपनी स्वतः तयार करीत असते. आपण काय पाहतो, कशावर थांबतो, यावरून आपल्या आवडी ठरवून जाहिरातदारांसाठी त्यांची वर्गवारी केली जाते. जानेवारी २०१९ मध्ये प्यू संशोधन केंद्राने अमेरिकेतील प्रौढ फेसबुक-वापरकर्त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. अशी यादी ठेवली जाते हे ७४ टक्के लोकांना माहीतच नव्हते. ती पाहिल्यावर ५१ टक्के अस्वस्थ झाले, आणि २७ टक्क्यांना ती आपले खरे चित्र वाटली नाही.

शासकीय सेवेतून आलेल्या माणसाला येथे गोपनीय अहवालाची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपल्या नावाची एक नस्ती, तीत दुसऱ्याने केलेल्या नोंदी, आणि त्यांवर ठरणारे आपले भवितव्य. आपल्याला कळविले जाई ते केवळ प्रतिकूल शेऱ्यांपुरते. २००८ साली देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातील प्रत्येक नोंद, ती चांगली असो वा वाईट, संबंधित सेवकाला कळविली पाहिजे. अन्यथा त्याला दाद मागण्याची संधीच राहत नाही. एका शासकीय सेवकाच्या बढतीच्या तक्रारीतून निघालेले हे तत्त्व मला फार व्यापक वाटते. माझ्याविषयी कोणी नोंद ठेवीत असेल तर ती मला दिसावी, चुकीची असेल तर दुरुस्त करून मिळावी.

आपल्या देशात या दिशेने पावले पडली आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून वा खोडून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या हक्कांविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात याव्यात असे ठरले. कंपन्यांनीही काही रकाने आवरते घेतले. धार्मिक मते, राजकीय मते, पत्ता आदी रकाने फेसबुकने १ डिसेंबर २०२२ पासून व्यक्तिपरिचयातून काढून टाकले. मात्र रकाना पुसला म्हणून अनुमान थांबत नाही, हे वरील संशोधनावरून उघड आहे.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. ज्या मोकळ्या याद्यांचे वर कौतुक केले, त्या गेल्या कोठे? फ्रेंडस्टरने २०११ च्या मध्यास आपल्या सदस्यांची छायाचित्रे व मजकूर पुसून टाकला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. आपला मजकूर उतरवून घेण्यास सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. पण संकेतशब्द विसरलेल्या, लग्न-नोकरीत गुंतलेल्या कितीजणांनी ती साधली असेल? शंभर वर्षांपूर्वी छापलेला कुलवृत्तांत वाळवीतून वाचून आजही कोणाच्या तरी फडताळात सापडतो. बारा वर्षांपूर्वीची, आपल्याच मुलीने लिहिलेली आवडींची यादी मात्र सापडत नाही. जो उतारा राहिला असेल तो बेरजेच्या रूपात, परक्याच्या खतावणीत.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी अनेक घराण्यांत कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे बेत अधूनमधून होत असतात. माहितीपत्रक छापताना त्यात आवडींसाठी एक जागा ठेवावी, आणि तीत पर्याय देऊ नयेत. चार ओळी कोऱ्या सोडाव्यात. सुना, मुली, जावई, परप्रांतीय सून असली तर तीही, सर्वांनी त्या आपल्या शब्दांत, येत असेल त्या मराठीत भराव्यात. भरताना कोणाला काय छापू द्यावयाचे नाही हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडेच असावा, आणि छापण्यापूर्वी प्रत्येकाला आपली नोंद वाचावयास मिळावी. ज्या वृद्ध आत्या-मावश्या आज हयात आहेत त्यांना तर विचारण्यास उशीरच झाला आहे. कोणाला कशिदा आवडत असेल, कोणाला पहाटेची लावलेली सारंगी, कोणाला इंदूरच्या सराफ्यात रात्री उशिरा खाल्लेली गरम जिलबी. यातून कोणताही निष्कर्ष काढावयाचा नाही. आपल्या माणसाला काय आवडत होते, एवढेच पुढच्या पिढीतील एखाद्याला फडताळ उघडल्यावर कळावे.